बोल्ट भट्टीत का भाजतात? – धातूच्या आत शिरणाऱ्या हायड्रोजनची गोष्ट



दहावीच्या वर्गात धातू आणि आम्लांची अभिक्रिया शिकवत होते. परीक्षानळीत जस्ताचे तुकडे, वर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, भराभर बुडबुडे, नळीच्या तोंडाशी जळती काडी आणि 'पॉप' असा आवाज. दरवर्षीचाच प्रयोग. फळ्यावर 'धातू + विरल आम्ल → क्षार + हायड्रोजन वायू' असं लिहिलं आणि पुढे जाणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"बाई, सगळा हायड्रोजन बाहेरच येतो का?"

मी विचारलं, "म्हणजे?"

"माझे बाबा प्लेटिंगच्या कारखान्यात आहेत. तिथे बोल्ट ॲसिडमधून काढतात, त्यावर जस्त चढवतात आणि मग भट्टीत भाजतात. बाबा म्हणतात, लोखंडात गॅस जातो, तो काढायला."

वर्ग खो खो हसला. लोखंडात गॅस! खरं सांगते, मलाही उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. तो 'उद्या' उजाडायला पंधरा दिवस लागले. पण त्या पंधरा दिवसांत जे वाचलं, समजलं, ते तुमच्यासमोर ठेवावंसं वाटलं, म्हणून हा लेख. मुलगा बरोबर होता, त्याचे बाबाही बरोबर होते. हसणारे आम्हीच चुकलो होतो.

आधी एक फुगा

वाढदिवसाला आणलेला गॅसचा फुगा दुसऱ्या दिवशी मलूल होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. गाठ घट्ट असते, छिद्र नसतं, तरी गॅस जातो. रबराच्या लांबलचक रेणूंच्या मधल्या जागांतून वायूचे छोटे रेणू हळूहळू बाहेर निसटतात. यालाच आपण विसरण म्हणतो. मुलांना हे पटतं, कारण रबर मऊ आहे, ताणलं जातं.

पण लोखंड? आपण सातवी-आठवीपासून शिकवतो की स्थायूमध्ये कण एकमेकांच्या अगदी जवळ असतात. मुलं त्याचा अर्थ 'मध्ये जागाच नसते' असा घेतात. इथेच पहिली गफलत होते. 'अगदी जवळ' म्हणजे 'फट नाही' असं नव्हे.

एक सोपा प्रयोग करा. पारदर्शक बरणीत काठोकाठ गोट्या भरा. मुलांना विचारा, बरणी भरली का? 'हो' म्हणतील. आता वरून मोहरी ओता आणि बरणी हलकेच हलवा. मोहरी गोट्यांमधून वाट काढत थेट तळापर्यंत जाते. गोट्या म्हणजे लोखंडाचे अणू, मोहरी म्हणजे हायड्रोजनचे अणू. धातूचे अणू एका शिस्तीत, स्फटिकाच्या जाळीत रचलेले असतात आणि गोल वस्तू कितीही नीट रचल्या तरी मध्ये फटी राहतातच.

मात्र या प्रयोगाची मर्यादाही मुलांना सांगा. मोहरी गुरुत्वाकर्षणामुळे खाली पडते. धातूतला हायड्रोजन एका फटीतून शेजारच्या फटीत उडी मारतो आणि ही उडी कोणत्याही दिशेला असू शकते. त्याला खाली-वर असं काही नसतं. जिथे अणू जास्त आहेत तिथून कमी असलेल्या भागाकडे एकूण सरकणं होतं, इतकंच.

रेणू आत जात नाही, अणू जातो

आता महत्त्वाचा मुद्दा. फुग्याच्या रबरातून हायड्रोजनचा अख्खा रेणू जातो. धातूच्या जाळीत तो जाऊ शकत नाही. त्याला आधी फुटावं लागतं.

क्रम असा आहे. हायड्रोजनचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतो. तिथे धातूच्या अणूंशी त्याची ओढाताण होते आणि रेणूचे दोन अणू वेगळे होतात. हे सुटे अणू पृष्ठभागाखालच्या फटींत उतरतात. मग फटीतून फटीत उड्या मारत पुढे सरकतात. धातूच्या दुसऱ्या बाजूला पोचले की पुन्हा दोघं जोडीने एकत्र येऊन रेणू बनतो आणि तो वायू होऊन उडून जातो.

'पृष्ठभागावर रेणू फुटतो' हे आपल्या दहावीच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या रूपात आहेच. वनस्पती तेलापासून वनस्पती तूप बनवताना निकेल उत्प्रेरक वापरतात, हे आपण शिकवतो. निकेलच का? तर निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे रेणू फुटून सुटे अणू तयार होतात आणि ते तेलाच्या रेणूंना सहज जोडले जातात. पुढच्या वेळी तो धडा शिकवताना हा दुवा जरूर जोडून द्या.

हायड्रोजन अणूरूपातच विरघळतो याचा एक सुंदर पुरावा आहे. सोड्याच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइडचा दाब चौपट केला तर पाण्यात विरघळलेला वायूही साधारण चौपट होतो. धातूत मात्र हायड्रोजनचा दाब चौपट केला तर विरघळलेला हायड्रोजन फक्त दुप्पट होतो. नऊपट केला तर तिप्पट. म्हणजे प्रमाण दाबाच्या वर्गमुळाशी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ सीवर्ट्स यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

वर्गमूळ कुठून आलं? विचार करा. आत जाताना एकच रेणू पृष्ठभागावर येणं पुरेसं आहे, म्हणजे आत जाण्याचा वेग दाबाच्या प्रमाणात. बाहेर पडताना मात्र दोन सुट्या अणूंची गाठ पडावी लागते. अणूंची संख्या दुप्पट झाली तर अशा गाठी चौपट होतात. आत-बाहेरचा हिशेब जुळायचा तर अणूंच्या संख्येचा वर्ग दाबाच्या प्रमाणात असायला हवा. गणिताच्या शिक्षकांनो, वर्गमुळाचं असं जिवंत उदाहरण सहजासहजी मिळत नाही!

पॅलेडियम – हायड्रोजन पिणारा धातू

या विषयाची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. विसरणाच्या नियमासाठी आपण ज्यांचं नाव घेतो ते थॉमस ग्रॅहॅम लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख होते. १८६६ मध्ये त्यांनी दाखवलं की पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेकडा पट हायड्रोजन शोषून घेतो. आज साधारण ९०० पट हा आकडा सांगितला जातो.

मुलांना हा आकडा नुसता सांगू नका, काढायला लावा. १ घन सेंटिमीटर पॅलेडियमचं वस्तुमान सुमारे १२ ग्रॅम. त्याचं अणुवस्तुमान सुमारे १०६. म्हणजे जवळपास ०.११३ मोल अणू. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला दर १० पॅलेडियम अणूंमागे ६ ते ७ हायड्रोजन अणू आत बसतात. साडेसहा धरू. म्हणजे हायड्रोजनचे सुमारे ०.०७३ मोल अणू, म्हणजेच ०.०३७ मोल रेणू. खोलीच्या तापमानाला १ मोल वायू सुमारे २४ लीटर जागा व्यापतो. गुणाकार करा. साधारण ८९० घन सेंटिमीटर! साखरेच्या क्यूबएवढ्या धातूत जवळजवळ लीटरभर वायू.

इतका वायू पोटात घेतल्यावर धातू फुगतो का? हो, पॅलेडियमचं आकारमान सुमारे १० टक्क्यांनी वाढतं. शिवाय हे शोषण उष्मादायी आहे. म्हणून थंड पॅलेडियम जास्त हायड्रोजन धरून ठेवतं आणि तापवलं की सोडून देतं. पॅलेडियममधून हायड्रोजनशिवाय दुसरा वायू जात नाही, त्यामुळे त्याचा पातळ पडदा म्हणजे वायूची उत्तम चाळणी. एका बाजूला मिश्र वायू, दुसऱ्या बाजूला अतिशुद्ध हायड्रोजन. शुद्ध पॅलेडियम फुगून-आकसून तडकतं, म्हणून त्यात साधारण चौथा हिस्सा चांदी मिसळतात.

आणि हे सगळं प्रयोगशाळेतच आहे असं समजू नका. घरातल्या एखाद्या रिचार्जेबल सेलवर 'निकेल मेटल हायड्राइड' असं लिहिलेलं असतं. चार्ज करताना त्यातल्या संमिश्राच्या जाळीत हायड्रोजन जाऊन बसतो आणि सेल वापरताना बाहेर येतो.

लोखंडाचं वेगळं गणित

लोखंडाची वागणूक पॅलेडियमच्या उलट आहे. लोखंडात हायड्रोजन विरघळणं ही उष्माग्राही क्रिया आहे. थंड लोखंडाला हायड्रोजन नकोसा असतो. खोलीच्या तापमानाला, नेहमीच्या दाबाला, लोखंडाच्या कोट्यवधी अणूंमागे हायड्रोजनचा एखादा अणू विरघळतो. तापमान वाढेल तसं हे प्रमाण वाढतं. म्हणूनच हायड्रोजन पोलादी सिलिंडरमध्ये वर्षानुवर्षं नीट राहतो. थंड आणि ऑक्साइडचा थर असलेल्या पृष्ठभागावर त्याचे रेणू फारसे फुटतच नाहीत.

मग बोल्टमध्ये गॅस शिरतो कसा? उत्तर आपल्या परीक्षानळीतच आहे. आम्लातल्या हायड्रोजन आयनांना धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन मिळतात आणि सुटे अणू तयार होतात. बहुतेक अणू लगेच जोडी जमवून बुडबुडा बनून वर येतात. पण काही अणू जोडी जमायच्या आधीच फटीत घुसतात. रेणू फोडण्याचं अवघड काम इथे करावंच लागत नाही, अणू आधीच सुटे असतात! विजेने जस्त चढवतानाही बोल्टच्या पृष्ठभागावर असेच सुटे अणू तयार होतात. म्हणजे "सगळा हायड्रोजन बाहेरच येतो का?" या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे.

एकदा आत गेला की हायड्रोजन वेगाने फिरतो. शुद्ध लोखंडात खोलीच्या तापमानाला त्याचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ०.०१ चौरस मिलिमीटर. ढोबळ नियम असा: अंतराचा वर्ग भागिले विसरण गुणांक म्हणजे लागणारा वेळ. १ मिलिमीटरला १०० सेकंद, म्हणजे दोन मिनिटंही नाहीत. १० मिलिमीटरला मात्र १०,००० सेकंद, जवळपास पावणेतीन तास. अंतर दहापट, वेळ शंभरपट.

पण कडक केलेल्या पोलादात जाळीतले दोष, कणांच्या सीमा, कार्बाइडचे बारीक कण असे अनेक 'सापळे' असतात. हायड्रोजन त्यांत अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. त्यामुळे वेग शंभर पट किंवा त्याहूनही कमी होतो. तेच १० मिलिमीटर अंतर कापायला मग अकरा-बारा दिवस लागू शकतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कसताना नाही, नंतर तुटतात

पालक सभेला त्या मुलाचे वडील आले, तेव्हा मी त्यांनाच गाठलं. ते म्हणाले, "बाई, बोल्ट कसताना तुटला तर बरं, लगेच कळतं. आमचा एक लॉट परत आला होता, त्यातले बोल्ट कसून दोन दिवसांनी तुटले. कुणी हात लावला नव्हता. तेव्हापासून भट्टीचा टाइम रजिस्टरला लिहिल्याशिवाय माल पुढे जात नाही."

याला हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा म्हणतात. १८७५ मध्येच डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं की काही मिनिटं आम्लात ठेवलेली लोखंडी तार वाकवली की तुटते, पण काही काळ तशीच ठेवली की तिचा चिवटपणा परत येतो. तुटलेल्या टोकाला ओलावा लावला तर तिथून बुडबुडे निघतानाही त्यांनी पाहिले. आतला वायू बाहेर पडत होता!

बोल्ट कसला की तो ताणला जातो. सर्वांत जास्त ताण आट्यांच्या खाचेत आणि डोक्याखालच्या कोपऱ्यात येतो. ताणलेल्या जागी जाळी किंचित उघडते, फटी मोठ्या होतात, म्हणून हायड्रोजन तिकडे सरकू लागतो. तिथे पुरेसे अणू जमले की धातूची पकड कमजोर होते आणि बारीक तडा जातो. तड्याच्या टोकाशी ताण आणखी वाढतो, आणखी हायड्रोजन येतो, तडा पुढे सरकतो. पकड नेमकी कशी कमजोर होते याची एकाहून अधिक स्पष्टीकरणं आहेत. पण 'उशीर' का होतो ते आता आपल्याला कळतं. अणूंना तिथवर चालत यायला तास किंवा दिवस लागतात.

आणखी एक उलटं वाटणारं सत्य: पोलाद जितकं ताकदवान, तितका धोका मोठा. मऊ पोलाद थोडं ताणून घेतं आणि निभावतं. बोल्टच्या डोक्यावर १२.९ असा आकडा असेल तर तो एका चौरस मिलिमीटरला सुमारे १,२०० न्यूटन, म्हणजे जवळपास १२० किलोचा भार पेलेल असा असतो. अशा पोलादाला दहा लाख भागांत हायड्रोजनचे काही भागही घातक ठरतात. एक टन पोलादात काही ग्रॅम, बस्स!

आता भट्टी. प्लेटिंग झाल्यावर काही तासांच्या आत असे बोल्ट साधारण १९० ते २२० अंश सेल्सिअसला बराच वेळ तापवतात. उष्णतेने हायड्रोजनच्या उड्या भराभर होतात, अणू सापळ्यांतून सुटतात. काही बाहेर पडतात, उरलेले पसरून निरुपद्रवी जागी अडकून बसतात. घाई याची की एकदा तडा पडला तर भट्टी तो सांधू शकत नाही. वेल्डिंगवाले खास रॉड ओव्हनमध्ये गरम करून का वापरतात, त्याचं कारणही हेच. रॉडवरच्या लेपात ओल असेल तर ठिणगीच्या उष्णतेने पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या पोलादात शिरतो. जोड त्या दिवशी छान दिसतो, तडा एक-दोन दिवसांनी येतो.

दोन खऱ्या घटना

मार्च २०१३. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडला जोडणाऱ्या बे ब्रिजच्या नव्या पुलावर ९६ जाड पोलादी रॉड ताणून कसले गेले. प्रत्येकाचा व्यास ३ इंच. काही दिवसांतच त्यांतले ३२ तुटले. हे रॉड २००८ पासून जागेवर होते आणि त्यांच्या भोकांत पाणी साचलं होतं. तपासात कारण हायड्रोजनचा ठिसूळपणा असं निघालं. पूल वाहतुकीला उघडायच्या आधी हे घडलं हे नशीब. त्या रॉडचं काम करायला पोलादाची वेगळी रचना बसवावी लागली.

दुसरी गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, आणि तिचा शेवट गोड आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची हाबर यांची पद्धत कारखान्यात आणण्याचं काम कार्ल बॉश यांच्याकडे होतं. सुमारे २०० वातावरण दाब, ५०० अंशांच्या पुढे तापमान आणि आत हायड्रोजन. पोलादाच्या चाचणीनळ्या सुमारे ८० तासांत फुटल्या. बॉश यांनी फुटलेलं पोलाद तपासलं. तप्त हायड्रोजन भिंतीत शिरून पोलादातल्या कार्बनशी संयोग करत होता आणि मिथेन बनत होता. मिथेनचा रेणू मोठा, तो फटींतून बाहेर पडू शकत नाही. आतल्या आत दाब वाढून पोलाद तडकत होतं.

यावर त्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी हायड्रोजनला अडवण्याचा हट्ट सोडला. आतून जवळजवळ कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर, बाहेरून दाब पेलणारं पोलाद आणि त्या बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं! अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन भोकांतून निघून जातो आणि पोलादावर त्याचा दाब चढतच नाही. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. १९३१ मध्ये बॉश यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज आपल्या शेतात पडणारा युरिया अमोनियापासूनच बनतो. ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळ इथल्या खत कारखान्यांत तोच अमोनिया तयार होतो.

वर्गात काय कराल?

गोट्या-मोहरीचा प्रयोग करा. पॅलेडियमचं गणित आणि 'अंतर दुप्पट, वेळ चौपट' हा तक्ता मुलांकडून करून घ्या. हायड्रोजनचा फुगा ज्योतीजवळ नेण्याचा प्रयोग मात्र कृपया करू नका. परीक्षानळीतला 'पॉप' पुरेसा आहे, तोही डोळ्यांवर चष्मा लावून आणि नळीचं तोंड मुलांपासून दूर ठेवून. पालकांनो, जुन्या कडक बोल्टला गंज काढण्यासाठी ॲसिडमध्ये बुडवायची सवय घरी असेल, तर तो बोल्ट पुन्हा भार पेलणाऱ्या जागी वापरू नका.

मुलांचे तीन गैरसमज आवर्जून दूर करा. एक, स्थायूत फटी नसतात. दोन, धातूतून हायड्रोजनचा रेणू जातो. तीन, मजबूत म्हणजे सुरक्षित.

पंधरा दिवसांनी मी वर्गात उत्तर दिलं. खरं तर मी नाही दिलं. त्या मुलाच्या वडिलांना तासाला बोलावलं. ते खिशातून तुटलेला बोल्ट घेऊन आले. संकोचत फळ्याजवळ उभे राहिले आणि वीस मिनिटं बोलले. मी फक्त मधूनमधून अणू आणि रेणू पुरवत होते. शेवटी ते म्हणाले, "भाजायचं हे माहीत होतं, का भाजायचं ते आज नीट कळलं." मी म्हटलं, "मला तर भाजतात हेच माहीत नव्हतं!" या वेळी वर्ग हसला तो वेगळ्या कारणाने. मागच्या बाकावरचा तो मुलगा सर्वांत मोठ्याने हसत होता.

तुमच्या वर्गातल्या मुलांचे आई-वडील काय काम करतात, एकदा विचारून पाहा. एखादा धडा तिथेच तयार मिळेल.